एका ‘च’साठी इंग्रजीत किती खटाटोप!

मागच्या महिन्यातली गोष्ट. ॲप का बंद पडलं, ते मी रात्रभर बसून शोधलं होतं. सकाळी क्लायंट कॉलवर सुरुवात केली, ‘इट वॉज बिकॉज ऑफ अ राँग सेटिंग...’ आणि अडकलो. पुढे ‘व्हाय’ की ‘दॅट’? तेवढ्यात दुसऱ्यानेच बोलायला घेतलं.

संध्याकाळी डोंबिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या तेच डोक्यात. मराठीत जोर द्यायला एक ‘च’ पुरतो. इंग्रजीत ‘इट वॉज’ म्हणून ती गोष्ट आधी पुढे आणायची, मग जोडशब्द, मग उरलेलं वाक्य. आपल्याला जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथेची सवय, म्हणून तोंडात व्हेन, व्हेअर येतं.

आपल्याच लाइनचं उदाहरण घ्या. बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी 1853 मध्ये ठाण्याला आली. कल्याणला रेल्वे पोचली 1854 मध्ये.

वेळेवर जोर: ‘इट वॉज इन 1853 दॅट द ट्रेन केम टू ठाणे.’

जागेवर जोर: ‘इट वॉज टू ठाणे दॅट द ट्रेन केम.’ म्हणजे ठाण्यालाच, कल्याणला नाही. इथे ‘व्हेअर’ नको.

कारण असेल तरी ‘दॅट’च, ‘व्हाय’ नाही. वस्तू असेल तरी ‘दॅट’. ‘व्हॉट’ तर कधीच नाही. माणूस असेल तर ‘हू’ छान बसतो, ‘दॅट’ही चालतो.

थोडक्यात, गोंधळलात तर ‘दॅट’ म्हणा आणि पुढे चला. थांबलात की दुसरा बोलतो.

बाकी, त्या दिवशी राहिलेलं वाक्य आज बोलून टाकतो: ‘इट वॉज मी हू फाउंड इट.’ मीच शोधलं होतं!