दोराचे ओझे

तरफेचा पाठ शिकविताना आम्ही बैलगाडीचे उदाहरण देतो. तेच पोते आसाच्या मागे सरकविले की गाडी उलाळ होते. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एक विमान दुसऱ्याला दोराने ओढते, तेव्हा मागच्याचे ओझे पुढच्याच्या कोणत्या जागी धरावयाचे?" उत्तर आम्हांस घरी कागद-पेन्सिल घेतल्यावरच सापडले.

बिनइंजिनाचे विमान, म्हणजे ग्लायडर, पुष्कळदा असेच वर नेतात. ओढणारे पायपर सुपर कब घ्या: १५० अश्वशक्ती, भरलेले वजन सुमारे ७९४ किलो. मागे दोन आसनांचे एएसके २१, भरून ६०० किलोपर्यंत. मग ७९४ मध्ये ६०० मिळवावयाचे काय? मुळीच नाही. ग्लायडरला त्याचे स्वतःचे पंख तोलून धरतात. ते एक मीटर उतरताना ३४ मीटर पुढे जाते, म्हणजे हवेचा रोध वजनाचा चौतिसावा हिस्सा, सुमारे १८ किलो. विसास एक अशा चढावर वजनाचा विसावा हिस्सा, ३० किलो, त्यात मिळतो. सहाशे किलोंचा पसारा, आणि दोरावर ताण अठ्ठेचाळीसचा!

हा ताण सरळ मागे असेतो विमान सावकाश चढते इतकेच. तोल फारसा ढळत नाही. परंतु दोराचा आकडा शेपटीच्या टोकाशी, गुरुत्वमध्यापासून सुमारे साडेचार मीटर मागे असतो. म्हणूनच त्याचे स्वतःचे थोडेसे वजनही तोलाच्या हिशेबात लिहावे लागते.

आता ग्लायडर एकाएकी वर उसळले असे समजा. ताण वाढतो, दोर शेपटीस वर खेचतो. वरची ओढ ५० किलो धरली तरी साडेचार मीटरांवर ती २२५ किलो-मीटर होते. ७५ किलोंचा मनुष्य तीन मीटर पुढे नेऊन बसविल्यासारखेच. नाक खाली जाते. वैमानिक दांडा पोटाशी ओढतो, पण शेपटीचे सुकाणू तेवढे बळ देऊ शकत नाही. हे सारे दोन-तीन सेकंदांत घडते. जमीन जवळ असेल तर सावरण्यास उंचीच उरत नाही. चूक मागच्याची, प्राण पुढच्याचे.

यासाठी नियम असा की, पुढचे विमान दिसेनासे झाले की ग्लायडरवाल्याने तत्क्षणी दोर सोडावा. पुढच्या वैमानिकापाशीही सोडण्याची कळ असते. परंतु काही जुन्या घडणीचे आकडे नेमके वरच्या ओढीतच अडकून बसतात. म्हणून दोरात मुद्दाम एक कच्ची कडी घालतात. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आधी ती तुटते.