फोनवर येणारा गृहपाठ : मुलांनी सुरुवात कशी करावी



लागण, खोडवा, खतांच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी आपण या पत्रिकेत नेहमीच वाचता. या वेळी विषय जरा निराळा घेतला आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील बहुतेक घरांत एखादा तरी मुलगा किंवा मुलगी हायस्कुलात नाहीतर कॉलेजात आहे, आणि त्यांच्या अभ्यासाचा काही भाग आता फोनवर येतो. मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ही पद्धत एकदम घरोघरी आली. पुढे शाळा उघडल्या, फळ्यावर खडू चालू लागला, तरी पुष्कळ शिक्षकांनी फोनवर गृहपाठ देण्याची पद्धत ठेवली आहे. मुलांना ती येते असे आपण धरून चालतो. पण फोनवर व्हिडिओ बघता येणे वेगळे आणि गृहपाठ रीतसर दाखल करता येणे वेगळे.

एका सभासदाच्या मुलीचे उदाहरण सांगतो. मुलगी नववीत, अक्षर मोत्यासारखे. तिने गणिताचे सगळे गृहपाठ वहीत केले, फोटो काढले, फोनवर जोडलेसुद्धा. सहामाहीच्या वेळी शाळेतून निरोप आला की तुमच्या मुलीने सात गृहपाठ दिलेलेच नाहीत. वडील चिडले, पोरगी रडायला लागली. फोन बघितला तर फोटो सातही ठिकाणी जोडलेले होते, पण शेवटचे बटण एकदाही दाबलेले नव्हते. म्हणजे ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, गाडीतही भरला, पण गाडी काट्यावर गेलीच नाही. मग कारखान्याच्या दप्तरी टन लागणार कुठून? चूक एवढीशी, पण 'काम करत नाही' असा शिक्का त्या मुलीवर दोन महिने राहिला. हा लेख लिहिण्याचे कारण ते.

गृहपाठाची अशी अनेक साधने आहेत. त्यांपैकी गूगल क्लासरूम पुष्कळ ठिकाणी वापरतात, म्हणून तेच धरून सांगतो. गूगल कंपनीने ते 2014 साली काढले. सुरुवातीला शाळेने दिलेल्या खात्यावरच ते चालत असे. 2017 पासून साध्या जीमेल खात्यावरही चालते. विद्यार्थ्याला त्यासाठी एक पैसाही पडत नाही. कोणी फोन करून 'क्लास चालू करायचे इतके इतके भरा' असे म्हणाला, किंवा फोनवर आलेला ओटीपी मागू लागला, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

आता सुरुवात. आधी शिक्षकांना एकच प्रश्न विचारायचा : कोणत्या खात्याने यायचे? काही शाळा प्रत्येक मुलाला शाळेचे खाते काढून देतात. तसे असेल तर तेच वापरावे, कारण घरच्या जीमेलने तो वर्ग बहुधा उघडतच नाही. शाळेचे खाते नसेल तर मुलाच्या नावाने साधे जीमेल खाते काढता येते, मात्र तेरा वर्षांखालील मुलाला ते स्वतःहून काढता येत नाही. काही पालक तिथे खोटे जन्मसाल टाकून मोकळे होतात. तसे करू नये. लहान मुलाच्या बाबतीत शाळेलाच विचारून काय ते ठरवावे. खात्याला नाव टाकताना हजेरीपटावर आहे तेच टाकावे. 'किंग' आणि 'भाई' अशी नावे टाकलेली मुले कोण, हे ओळखायला शिक्षकांचा अर्धा तास जातो. पासवर्ड कागदावर लिहून घरात सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावा. वहीच्या मागच्या पानावर लिहिला की तो साऱ्या वर्गाचा झाला.

खाते झाले की क्लासरूम नावाचे ॲप फोनवर घ्यायचे आणि त्याच खात्याने उघडायचे. पडद्यावर अधिकाची खूण दिसते. ती दाबली की 'जॉइन क्लास' येते, आणि तिथे वर्गाचा कोड टाकायचा असतो. हा कोड शिक्षक देतात. इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून तो थोडक्यात असतो, मध्ये जागा किंवा दुसरी खूण नसते. कागदावरून उतरवताना एखादे अक्षर चुकते आणि मग 'कोड चालत नाही' म्हणून पोरे बसून राहतात. संदेशातून आला असेल तर बोट दाबून धरून कॉपी करावा आणि तिथे चिकटवावा. तरीही चालला नाही तर शिक्षकांनी तो बंद केला किंवा बदलला असेल. नवा मागून घ्यावा. कोड एकदाच लागतो. रोज टाकावा लागत नाही. प्रत्येक विषयाचा वर्ग वेगळा असेल तर कोडही वेगळा. आणि हा कोड गावच्या ग्रुपवर टाकू नये, बाहेरचे कोणीही त्यावरून आत शिरू शकते.

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त घोटाळा खात्यांचा होतो. घरात फोन एक. त्यावर खाते वडिलांचे. मोठ्या मुलाने वडिलांच्या खात्याने वर्गात प्रवेश घेतला, धाकटीनेही त्याच खात्याने घेतला. मग शिक्षकांच्या यादीत दोन्ही वर्गांत बापाचेच नाव! कोणाचा गृहपाठ आला आणि कोणाचा राहिला, कसे कळणार? एका फोनवर दोन-तीन खाती सुखाने राहतात. ॲपच्या वरच्या कोपऱ्यात एक गोल असतो, त्यात फोटो किंवा नावाचे पहिले अक्षर असते. त्यावर दाबले की खाते बदलता येते. अभ्यासाला बसताना पहिल्यांदा त्या गोलात आपलेच अक्षर आहे ना, हे बघायची सवय मुलांना लावावी. 'वर्गच दिसत नाही, सगळे पुसले गेले' अशी ओरड बऱ्याचदा निव्वळ या गोलामुळे होते. काहीही पुसलेले नसते. चुकीच्या खात्याने शिरलेले असल्यास त्या वर्गातून बाहेर पडावे, बरोबर खात्याने पुन्हा यावे आणि शिक्षकांना तसे सांगावे.

वर्ग उघडला की तीन भाग दिसतात : स्ट्रीम, क्लासवर्क आणि पीपल. स्ट्रीम म्हणजे सूचनाफलक. तिथे सुट्टीची सूचना, सहलीची सूचना, 'थँक यू सर', सगळेच येते आणि गृहपाठ त्याखाली दबून जातो. गृहपाठ बघायचा तो क्लासवर्कमध्ये. पीपलमध्ये शिक्षकांची आणि मुलांची नावे असतात, तिकडे जायचे फारसे कारण नाही. फोनची भाषा बदलली तर ही नावेही बदललेली दिसतील, जागा मात्र त्याच.

क्लासवर्कमध्ये गृहपाठावर दाबले की शिक्षकांनी काय सांगितले आहे ते आणि शेवटची तारीख दिसते. शिक्षकांनी वेळ घातली नसेल तर त्या तारखेच्या रात्री 11:59 पर्यंतची मुदत धरली जाते. खाली 'युवर वर्क' असा भाग असतो, तो वर ओढायचा. त्यात 'ॲड अटॅचमेंट' दाबून फोटो किंवा फाइल जोडायची. वहीची चार पाने असतील तर चार वेगळे फोटो देण्यापेक्षा गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनच्या सोयीने चारही पानांची एक पीडीएफ करावी. पाने उलटसुलट होत नाहीत आणि तपासणाऱ्याचे डोळेही वाचतात. फोटो उजेडात काढावा, शक्यतो सकाळी अंगणात. रात्री बल्बखाली काढला की हाताची सावली पानावर पडते आणि शिसपेन्सिलीचे लिहिलेले तर दिसतच नाही.

फोटो पूर्ण चढेपर्यंत थांबावे. मळ्यातल्या वस्तीवर रेंजची एक काडी असते, तिथे वेळ लागतो. अर्धवट चढलेला असताना फोन खिशात घालून निघाले की काम राहिलेच म्हणून समजा.

आणि मग ते शेवटचे बटण. काही फोनवर 'हँड इन' असे असते, काहींवर 'टर्न इन'. ते दाबल्यावर ॲप पुन्हा एकदा विचारते, तिथेही होकार द्यायचा. यानंतर 'हँडेड इन' किंवा 'टर्न्ड इन' अशी अक्षरे दिसली की गृहपाठ पोचला. ही आपली वजनपावती. आपण काट्यावरून पावती घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही, तसे ही अक्षरे दिसल्याशिवाय मुलाने फोन खाली ठेवू नये. नुसत्या 'असाइन्ड' या शब्दाचा अर्थ काम दिले आहे, अजून आलेले नाही. 'मिसिंग' म्हणजे मुदत गेली आणि काम आले नाही. काही कामांना फाइल जोडायची नसते, तिथे त्याच जागी 'मार्क ॲज डन' येते. काही बहाद्दर वाचन न करताच ते दाबतात. त्याला ॲप काय करणार!

दिल्यावर चूक लक्षात आली तर 'अनसबमिट' करून काम परत घेता येते आणि दुरुस्त करून पुन्हा देता येते. पण मुदत संपल्यावर परत घेतले आणि पुन्हा दिले तर उशिराची नोंद होते. म्हणून मुदतीनंतर किरकोळ चुकीसाठी परत घेऊ नये. उलट एखादे काम द्यायचे राहूनच गेले असेल, तर शिक्षकांनी बंद केले नसेल तोवर उशिरा का होईना द्यावे. कोऱ्या रकान्यापेक्षा उशिराची नोंद बरी.

काही समजले नाही तर विचारायच्या दोन जागा आहेत. वर्गाची टिप्पणी सगळ्यांना दिसते, खाजगी टिप्पणी फक्त शिक्षकांना. 'सर, आमच्याकडे तीन दिवस लाईट नव्हती, एक दिवस द्या' हे खाजगी टिप्पणीत लिहावे. मुली विशेषतः सगळ्यांसमोर विचारायला संकोचतात, त्यांना ही दुसरी जागा दाखवून द्यावी.

आता पालकांकडे वळतो. मुलगा गृहपाठ देत नाही अशी तक्रार आली की आपण मुलाला धरतो. पण फोन दिवसभर कोणाच्या खिशात असतो? ज्या फीडरला अजून रात्रीची पाळी आहे तिथे वडील दारे धरायला जातात, तेव्हा बॅटरी म्हणून फोनच बरोबर नेतात. पोराची मुदत रात्री संपणार आणि फोन उसात! घरात एकच फोन असेल तर संध्याकाळचा एक तास ठरवून मुलांना द्यावा, आणि मुलाने मुदतीचा दिवस न गाठता आदल्या दिवशीच काम द्यावे. फोनची जागा भरली असेल तर लग्नाचे व्हिडिओ आधी काढावेत. गूगलच्या एका खात्याला फुकट जागा 15 जीबी मिळते, आणि ती मेल, फोटो व ड्राइव्ह मिळून असते. वडिलांच्या खात्यात दहा वर्षांचे 'गुड मॉर्निंग' साठलेले असते, म्हणूनही मुलाचे खाते वेगळे बरे.

शाळेने दिलेली खाती असतील तर आणखी एक सोय आहे. शिक्षकांनी पालकाचा ई-मेल जोडला तर कोणते काम राहिले आणि कोणते यायचे आहे याचा गोषवारा पालकाला रोज किंवा आठवड्याला येतो. साध्या जीमेलवर ही सोय नाही. तिथे मुलाच्या शेजारी बसून आठवड्यातून एकदा क्लासवर्क बघावे. इंग्रजी येत नाही म्हणून अडत नाही. 'मिसिंग' हा एक शब्द ओळखता आला तरी पुरे.

आपल्या फडात येणाऱ्या तोडकऱ्यांच्या मुलांविषयीही लिहिले पाहिजे. हंगामात ही कुटुंबे गाव सोडून कोप्यांवर येतात, आणि गावची शाळा मागे राहते. हा वर्ग गावाला बांधलेला नसतो. गावच्या शिक्षकांनी एकदा कोड दिला की शेकडो किलोमीटर लांबूनही मूल त्याच वर्गात राहते, त्याच शिक्षकांना वही दाखवू शकते. यामुळे शाळा भरून निघते असे मी म्हणणार नाही. आईबाप पहाटे फडात गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीच्या हातात फोनही नसतो आणि वेळही नसतो. पण एखाद्या टोळीत असा वर्ग चालू असलेले मूल दिसले, तर आपल्या वस्तीवर फोन चार्ज करू देणे आणि घटकाभर वायफाय देणे आपल्याला जड नाही.

राहिली एक गोष्ट. वर्ष संपले की शिक्षक तो वर्ग बासनात बांधून ठेवतात. जुने काम मुलांना बघता येते, पण त्यात नवे काही देता येत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि ॲपमध्ये गेल्या वर्षीचाच वर्ग दिसत असेल तर त्याच्याकडे बघत न बसता नव्या शिक्षकांकडून नव्या वर्गाचा कोड पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावा.