रोटरी इंजिन आणि तेलाचा दाब

ज्या यंत्रात पिस्टनची ये-जा नाही, व्हॉल्व्हची उघडझाप नाही, आणि तरीही एक त्रिकोणी रोटर वक्राकृती पोकळीत फिरता फिरता चोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन ही चारही कार्ये आपल्या तीन बाजूंवर अखंड चालू ठेवतो, त्या वांकेल इंजिनाचा लौकिक मोटारींच्या जगात ओसरत गेल्यावरही ज्यांनी त्याची पाठराखण सोडली नाही, त्यांत स्वतःच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातांनी विमान घडविणाऱ्या अमेरिकेतील हौशी कारागिरांची गणना अग्रक्रमाने करावी लागेल. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाचे पहिले प्रायोगिक इंजिन एनएसयू कंपनीत १९५७ साली चालले. हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, १९६१ मध्ये त्याचा परवाना मिळविला. आणि रोटरच्या टोकांवरील सीलांमुळे पोकळीच्या भिंतीवर जे ओरखडे उठत, त्यांच्याशी केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी दीर्घकाळ झुंज दिल्यानंतर १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरांची मोटार विक्रीस आली. याच घराण्यातले ‘१३बी’ इंजिन, प्रत्येकी ६५४ घन सेंटिमीटरच्या दोन रोटरांचे, पुढे विमान घडविणाऱ्यांच्या पसंतीस उतरले. कारण ते आटोपशीर आहे, त्यातील हलते भाग मोजके आहेत, आणि जुन्या मोटारींतून ते माफक किमतीत हाती येई.

पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली, तेव्हापासून या छंदाला तेथे संस्थेचा भक्कम आधार आहे. घडणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिक्षणासाठी अथवा मनोरंजनासाठी केले असेल, तर विमानाला प्रायोगिक वर्गाचा दाखला मिळतो. मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान जुळविणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांना नोंदणीसाठी सरकारदरबारी किती काळ तिष्ठावे लागले, हे ज्या मराठी वाचकाच्या स्मरणात असेल, त्याला अमेरिकन कारागिराची वाट हेवा वाटावा इतकी सुकर भासेल. परंतु कोणते इंजिन बसवावे याची मुखत्यारी ज्याच्याकडे, त्याच्याच शिरावर त्या इंजिनाची संपूर्ण जोखीमही येते. आणि ही जोखीम तेलाच्या दाबाच्या प्रश्नात जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

याचे कारण असे की, या इंजिनात तेल केवळ वंगण नसते. बाहेरील हाउसिंगांभोवती पाणी खेळते खरे, पण फिरत्या रोटरच्या पोटात पाणी पोहोचविण्याची सोय नाही. तेथील उष्णता वाहून नेण्याचे काम तेलच करते. मध्यवर्ती विकेंद्री शाफ्ट आतून पोकळ असून त्याच्या जेटांतून तेलाचे फवारे रोटरच्या पोकळीत उडतात आणि तापलेले तेल खाली, इंजिनाच्या तळाशी तेल साठविणाऱ्या चेंबरमध्ये, गळते. दाब पडला की बेअरिंगचे संरक्षण आणि रोटरचे शीतलीकरण ही दोन्ही कामे एकाच वेळी थंडावतात. म्हणूनच इंजिनातील एकूण उष्णतेचा मोठा वाटा तेलाच्या कूलरमधून बाहेर पडतो, आणि हा कूलर लहान निवडला तर तापून पातळ झालेले तेल दाब धरीत नाही.

दाबाविषयी एक मूलभूत गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण तिच्या विस्मरणाने पुष्कळ तपास भलत्या दिशेला जातो. पंप दाब निर्माण करीत नाही; तो शाफ्टच्या वेगाच्या प्रमाणात तेल पुढे ढकलतो, आणि त्या तेलाला बेअरिंगांच्या चिंचोळ्या फटींत जो अवरोध होतो, त्यातून दाब उपजतो. पंपाला तेल अपुरे मिळाले तरी दाब पडेल, मार्गात कोठे वाट फुटली तरी पडेल, आणि बेअरिंगांच्या फटी रुंदावल्या तरी पडेल. जुन्या १३बी इंजिनात मिनिटाला ३००० फेऱ्यांवर दर चौरस इंचाला सुमारे ७० पौंड दाब अपेक्षित असतो. तापलेले इंजिन मंद गतीवर असताना काटा त्याहून बराच खाली उतरला, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. गती वाढवूनही तो वर चढत नसेल, तर मात्र उड्डाण रद्द करावे.

पहिली फेरतपासणी गेजचीच. विजेवर चालणारा सेंडर इंजिनाच्या कंपनांनी बिघडतो, त्याचे अर्थिंग सैल होते, आणि काटा असत्य सांगू लागतो. म्हणून त्याच जागी साधा यांत्रिक गेज जोडून दोन्ही आकडे ताडून पाहिल्याखेरीज एकही बोल्ट सैल करू नये. जड सेंडर पितळी जोडाने थेट इंजिनावर बसविला असेल, तर तो जोड कंपनांनी थकून तुटू शकतो व सारे तेल आकाशात सांडू शकते. लवचिक होजने तो अग्निभिंतीवर नेऊन बसविण्याची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते.

गेज खरा ठरला, की आपण काय बदलले याचा शोध आधी घ्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. माझदाने आखलेला तेलाचा मार्ग मोटारीच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षे सिद्ध झालेला असतो. विमानात मात्र कूलर निराळा, होज निराळे, फिल्टरची बैठक निराळी, आणि काउलिंगमध्ये मावावे म्हणून चेंबरही उथळ केलेले असते. उथळ चेंबरमध्ये तेल कमी मावते, रोटरांतून वेगाने परतणारे तेल त्यात फेसाळते, आणि फेस पंपात शिरला की काटा थरथरू लागतो. शिवाय प्रोपेलरचा गिअरबॉक्स फ्लायव्हीलच्या बाजूला बसतो. त्यामुळे प्रोपेलर पुढे असलेल्या विमानात मोटारीतल्या इंजिनाची मागची बाजू विमानाच्या नाकाकडे येते, आणि लाँग-ईझी किंवा कोझीसारख्या मागून ढकलणाऱ्या विमानात ती शेपटाकडे राहते. चढताना तेल चेंबरच्या कोणत्या टोकाला गोळा होईल, हे या मांडणीवर अवलंबून असते. चोषणनळीचे तोंड दुसऱ्या टोकाला राहिले, तर जमिनीवर निर्दोष दिसणारा दाब ऐन चढणीत कोसळतो. चोषणनळीच्या जोडाचे गॅस्केट हाही असाच छुपा अपराधी आहे: तेथून तेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, आणि बाहेरून डाग दिसत नसल्याने संशय येत नाही. गिअरबॉक्सला किंवा टर्बोला इंजिनाचेच तेल पुरविलेले असल्यास त्या फाट्यावर बारीक छिद्राचा अवरोधक आहे ना, हेही पाहावे. तो राहून गेला असेल, तर पंपाचे श्रम तेथून वाया जातात.

स्वतःच्या हातचे सारे निर्दोष आढळल्यावरच इंजिनाच्या अंतर्भागाकडे वळावे. तेथे जाणत्यांच्या मनात प्रथम येते ती पुढच्या आवरणाखालची ओ-रिंग. पुढचे लोखंडी हाउसिंग आणि हे आवरण यांच्या सांध्यातून पंपाचे दाबलेले तेल जाते. गॅस्केट दबले, सांधा किंचित विलग झाला आणि ओ-रिंग फाटली, की तेल परस्पर चेंबरमध्ये उतरते. जमिनीवर थेंब नाही, पातळी कायम, आणि दाब मात्र गेलेला. शाफ्टच्या पुढच्या टोकात मेणाची एक उष्णतासंवेदी गोळी असते. इंजिन गार असताना ती तेलाला वाट मोकळी ठेवते व तापल्यावर फुगून ती वाट बंद करते. ती निकामी झाली, तर तापलेल्या इंजिनातही वाट उघडीच राहते, म्हणून अनेक जण तिच्या जागी धातूचा ठोकळा बसवितात. मागच्या हाउसिंगमधील दाबनियंत्रक व्हॉल्व्ह कचऱ्याच्या कणाने उघडा अडकू शकतो. त्याच्या स्प्रिंगमागे वॉशर घालून दाब वाढविण्याची युक्ती कित्येकांना ठाऊक असते. पण दोष सापडण्यापूर्वी ती योजणे मला मुळीच मान्य नाही, कारण त्यामुळे काट्याचे समाधान होते आणि झिजत चाललेले बेअरिंग झिजतच राहते.

बेअरिंगविषयीचा सर्वांत विश्वासार्ह दाखला जुन्या फिल्टरमध्ये असतो. तो कापून कागदाच्या घड्या उलगडाव्यात व कण चुंबकाने तपासावेत: चुंबकाला चिकटणारे पोलादी कण पंप फिरविणाऱ्या साखळीकडे वा गिअरकडे बोट दाखवितात, न चिकटणारी तांबूस चमक बेअरिंगचा वरचा थर झिजल्याचे सांगते. तशी चमक दिसल्यास इंजिन उतरवून उघडण्यावाचून गत्यंतर नाही. मुख्य बेअरिंगची फट ०.०४ ते ०.०८ मिलिमीटर असावी व ०.१० च्या पुढे ते बदलावे, अशी मर्यादा आहे. नव्या बेअरिंगांसह जुळविलेले इंजिन सुरू करण्यापूर्वी इंधन व प्रज्वलन बंद ठेवून ते स्टार्टरने थांबत थांबत फिरवावे, आणि यांत्रिक गेजचा काटा हलल्याखेरीज पहिली ठिणगी पडू देऊ नये; त्यानंतर जमिनीवर, तेल पूर्ण तापेपर्यंत, नाक वर करून बांधलेल्या विमानातच पहिली धाव घ्यावी, म्हणजे चढणीच्या कोनात चोषणनळी उघडी पडते की नाही, याचा निकाल चाके जमिनीवर असतानाच लागतो.