आदिलाबादच्या कढईतलं स्कॉच एग

रविवारी भाचीने मोबाइलवर स्कॉच एगचा फोटो दाखवला. "मामा, हे घरी होईल?" म्हटलं, अगं, खिम्यात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं, हा तर आपल्या नर्गिसी कोफ्त्याचा भाऊ!

आमचं आदिलाबाद 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे हा हैदराबादी कोफ्ता इथे अनोळखी नाही. कापला की पांढरा-पिवळा, नर्गिसच्या फुलासारखा, म्हणून ते नाव. लंडनचं फोर्टनम अँड मेसन दुकान मात्र स्कॉच एग आपण 1738 मध्ये काढलं असं सांगतं.

अंडी उकळत्या पाण्यात 7 मिनिटं, लगेच गार पाण्यात. सोलून कोरडी पुसा, मैद्यात घोळवा. ओल्या अंड्याला खिमा चिकटत नाही.

पाव किलो खिम्यात 3 अंडी. मी कोंबडीचा घेतो, लवकर शिजतो. त्यात आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर, 2 चमचे डाळ्याचं पीठ. ओल्या तळहातावर थापून अंडं गुंडाळा. फट अजिबात नको, तेलात तिथूनच उकलतं. मग फेटलेलं अंडं, वर ब्रेडचा चुरा.

मध्यम आचेवर 8 ते 10 मिनिटं तळा. घाई केलीत तर बाहेरून करपेल, आत खिमा कच्चा राहील.