प्रमस्तिष्क बाह्यकातील तंत्रिका कोशिकांचे प्रकार

मानवी मेंदूच्या प्रमस्तिष्काला (मोठ्या मेंदूला) आच्छादणाऱ्या करड्या थराला प्रमस्तिष्क बाह्यक म्हणतात. त्याची जाडी साधारणतः २ ते ४ मिमी. असून त्यात सुमारे १,६०० कोटी तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) असतात. संपूर्ण मेंदूतील तंत्रिका कोशिकांची संख्या सुमारे ८,६०० कोटी आहे. बाह्यकातील कोशिका एकसारख्या नसतात. आकार, स्थान, जोडण्या, विद्युत् वर्तन व रासायनिक घडण यांबाबत त्यांच्यात मोठी विविधता आढळते. मेंदूचे अनेक विकार सर्व कोशिकांना सारखेच न ग्रासता विशिष्ट प्रकारांना प्रथम ग्रासतात; त्यामुळे या विविधतेच्या ज्ञानाला वैद्यकातही महत्त्व आहे.

इतिहास : इटालियन शास्त्रज्ञ कामील्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या लवणाने ऊतक रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीने थोड्याच कोशिका रंगतात. परंतु ज्या रंगतात त्या शाखांसह पूर्ण दिसतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामॉन ई काहाल यांनी तिच्या साहाय्याने बाह्यकातील कोशिकांची असंख्य चित्रे काढली व प्रत्येक तंत्रिका कोशिका हा स्वतंत्र घटक असतो, हे मत पुढे मांडले. तंत्रिका तंतूंचे अखंड जाळे असते, असे गॉल्जी यांचे मत होते. मतभेद असूनही दोघांना १९०६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

स्तररचना : बाह्यकाच्या बहुतेक भागात सहा स्तर ओळखता येतात. पृष्ठालगतच्या पहिल्या स्तरात कोशिका विरळ असतात. दुसऱ्या व तिसऱ्या स्तरांतील बऱ्याच कोशिका बाह्यकाच्याच इतर भागांशी संबंध जोडतात. चौथ्या स्तरात थॅलॅमसाकडून येणारे संवेदी तंतू मुख्यत्वे पोहोचतात. पाचव्या स्तरातून मस्तिष्क स्तंभ व मेरुरज्जू यांकडे, तर सहाव्यातून थॅलॅमसाकडे तंतू जातात. स्तरांची जाडी क्षेत्रपरत्वे बदलते. दृष्टिक्षेत्रात चौथा स्तर ठळक, तर प्रेरक क्षेत्रात तो अस्पष्ट असतो. अशा भेदांच्या आधारे कॉर्बिनिअन ब्रोडमान यांनी १९०९ मध्ये बाह्यकाची क्रमांकित क्षेत्रे पाडली.

उत्तेजक कोशिका : बाह्यकातील बहुसंख्य तंत्रिका कोशिका उत्तेजक असून त्या ग्लुटामेट या द्रव्याद्वारे पुढील कोशिकेस उद्दीपित करतात. यांपैकी प्रमुख म्हणजे पिरॅमिडाकार कोशिका. हिच्या टोकापासून एक जाड शाखिका पृष्ठाकडे जाते, तर तळापासून निघणारा अक्षतंतू दूरवर पोहोचू शकतो. प्रेरक क्षेत्राच्या पाचव्या स्तरातील अतिशय मोठ्या पिरॅमिडाकार कोशिकांचे वर्णन व्ह्लद्यीम्यिर बेट्स यांनी १८७४ मध्ये केले. त्यांना ‘बेट्स कोशिका’ म्हणतात. कॉन्स्टान्टीन फोन एकोनोमो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चातीच्या आकाराच्या कोशिका बाह्यकाच्या काही मोजक्या भागांतच आढळतात. त्या मोठे कपी, हत्ती व काही देवमासे यांच्यातही सापडल्या आहेत.

निरोधक कोशिका : या संख्येने कमी, पण प्रकारांनी अधिक आहेत. त्या गॅबा या द्रव्याद्वारे इतर कोशिकांची क्रिया रोखतात. त्यांचे अक्षतंतू बहुधा जवळच्या परिसरातच पसरतात. कोणती कोशिका दुसरीच्या कोणत्या भागावर निरोध घालते, यावरून त्यांच्यात भेद करता येतो. टोपली कोशिकेचे तंतू पिरॅमिडाकार कोशिकेच्या पिंडाला वेढतात. झुंबर कोशिकेचे तंतू, जेथे विद्युत् संदेश उद्भवतो त्या अक्षतंतूच्या आरंभीच्या भागावर टेकतात. मार्तिनोत्ती कोशिकेचे तंतू पहिल्या स्तरापर्यंत चढून शाखिकांच्या दूरच्या टोकांवर परिणाम करतात. काही निरोधक कोशिका इतर निरोधक कोशिकांनाच रोखतात. परिणामी पिरॅमिडाकार कोशिका मोकळ्या होतात. या दोन्ही गटांचे उगमही भिन्न आहेत. भ्रूणावस्थेत उत्तेजक कोशिका बाह्यकाच्या खालच्या जनन-क्षेत्रात निर्माण होऊन वर सरकतात, तर बहुतेक निरोधक कोशिका प्रमस्तिष्काच्या तळभागी निर्माण होऊन आडव्या दिशेने स्थलांतर करतात.

वर्गीकरणाचा प्रश्न : केवळ आकारावरून केलेले वर्गीकरण अपुरे पडते, कारण सारख्या दिसणाऱ्या कोशिकांचे विद्युत् वर्तन निराळे असू शकते. निरोधक कोशिकांची परिभाषा ठरविण्यासाठी २००५ मध्ये काहाल यांच्या जन्मगावी, स्पेनमधील पेतील्या येथे, तज्ञांची बैठक झाली व तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे एकेका कोशिकाकेंद्रातील आरएनए मोजून कोणती जनुके कार्यरत आहेत, हे ठरविणे शक्य झाले. या पद्धतीने २०१९ मध्ये मानवी शंख खंडातील मधल्या संवेल्लात ७५ कोशिका प्रकार नोंदले गेले. त्यांपैकी २४ उत्तेजक, ४५ निरोधक व ६ तंत्रिकेतर होते. २०२३ मध्ये संपूर्ण मानवी मेंदूतील तीस लाखांहून अधिक कोशिकाकेंद्रांच्या अभ्यासातून ४६१ समूह व ३,३१३ उपसमूह मांडण्यात आले. मात्र असा प्रत्येक समूह म्हणजे स्वतंत्र प्रकार असे म्हणता येत नाही. काही प्रकारांच्या सीमा स्पष्ट असतात, तर काही एकमेकांत हळूहळू मिसळतात.

वैद्यकीय महत्त्व : ॲल्झायमर विकारात अंतर्नासा क्षेत्राच्या दुसऱ्या स्तरातील कोशिका लवकर नष्ट होतात. स्नायूंची शक्ती क्रमाने घटविणाऱ्या प्रेरक तंत्रिका विकारात बेट्स कोशिकांचा ऱ्हास होतो, तर ललाट-शंख अवमनस्कतेच्या एका प्रकारात फोन एकोनोमो कोशिका विशेषत्वाने कमी होतात. या विकारांचे प्रयोग बहुधा उंदरांवर केले जातात. उंदीर व मानव यांच्या बाह्यकांतील मुख्य कोशिका प्रकार जुळत असले, तरी सेरोटोनिनाच्या ग्राहींसारख्या, औषधांच्या दृष्टीने महत्त्वाच्या रेणूंची त्यांच्यातील वाटणी वेगळी आहे. पहिल्या स्तरातील, पाकळ्या गळालेल्या गुलाबाच्या फळाची आठवण करून देणाऱ्या एका निरोधक कोशिकेचे वर्णन २०१८ मध्ये मानवी ऊतकावरून करण्यात आले. तिच्याशी जुळणारा प्रकार त्या अभ्यासात उंदरात आढळला नाही. त्यामुळे उंदरात गुणकारी ठरलेले औषध मानवातही त्याच कोशिकांवर कार्य करील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेत काढलेल्या अथवा मरणोत्तर दान केलेल्या मानवी ऊतकाचा अभ्यास आवश्यक ठरतो.