सोळा मेगाहर्ट्झचं इंटरनेट

पाम थ्रीएक्सई 2000 साली बाजारात आला. तळहातात मावणारं यंत्र, 160 बाय 160 ठिपक्यांचा करडा पडदा, मोटोरोलाचा 16 मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, 8 मेगाबाइट मेमरी आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतात तसले दोन बारीक सेल. त्यात वायफाय नाही, ब्लूटूथ नाही. पण टीसीपी/आयपी आहे. 1997च्या पामपायलट प्रोफेशनलपासून ते या घराण्यात होतंच. म्हणजे इंटरनेटशी बोलायचं कसं हे या यंत्राला कारखान्यातून निघतानाच ठाऊक होतं. अडतं ते फक्त वाटेपाशी, आणि ती वाट त्याच्या क्रेडलमधून, म्हणजे यंत्र उभं ठेवायच्या बैठकीतून, निघून डेस्कटॉप कॉम्प्युटरमधून जाते.

क्रेडलची केबल नऊ पिनांच्या सीरियल पोर्टची आहे. आजच्या कॉम्प्युटरला ते पोर्ट नसतं, म्हणून यूएसबी-सीरियल केबल लागते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती सहज मिळते, कारण सीएनसी मशीन आणि वजनकाटे आजही सीरियलवरच बोलतात. केबल आणली की पामला जोडण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. दोन नंबरची पिन ऐकण्याची, तीन नंबरची बोलण्याची. दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या, कॉम्प्युटरवर टर्मिनल उघडायचं आणि टाइप करायचं. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर परत आलं तर केबल चांगली. नाही आलं तर पुढे पामच्या सेटिंगमध्ये कितीही डोकं घाला, काही होणार नाही.

मग पामच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये जोडणीचा प्रकार निवडायचा: सीरियल टू पीसी, वेग 57,600. नेटवर्कच्या पानावर पीपीपी. डेस्कटॉपवर अजून काहीच चालू न करता नुसतं टर्मिनल उघडं ठेवून पामवर ‘कनेक्ट’ दाबावं, हे मी आवर्जून सांगतो. पडद्यावर कचऱ्यासारखी चिन्हं उमटतात, त्यात ~ आणि } पुन्हा पुन्हा दिसतात. हा कचरा नव्हे. ~ ही प्रत्येक संदेशाची हद्द आहे, आणि } म्हणजे पुढचा बाइट बदलून पाठवला आहे अशी सूचना. पाम विचारतोय: पलीकडे कुणी आहे का, असेल तर कोणत्या अटींवर बोलायचं? 1994 साली आरएफसी 1661 या दस्तऐवजात लिहून ठेवलेली पीपीपीची ही बोलण्याची रीत आजच्या लिनक्सला जशीच्या तशी कळते. या जुळणीचं मला अजून अप्रूप वाटतं.

उत्तर द्यायचं काम पीपीपीडी या प्रोग्रॅमचं. त्याला ‘लोकल’ हा पर्याय द्यावा, नाहीतर तो मोडेमच्या सिग्नलची वाट पाहतो आणि इथे मोडेमच नाही. पामला 192.168.5.2 असा पत्ता दिला, डेस्कटॉपने 192.168.5.1 घेतला, डेस्कटॉपवर पॅकेट पुढे पाठवण्याची परवानगी चालू केली आणि पामची पॅकेट डेस्कटॉपच्या नावाने बाहेर जातील अशी सोय केली, की वाट खुली. जोडणी होत असताना पामचं खाली सरकायचं बटण दाबलं तर प्रत्येक पायरी सविस्तर दिसते. मायक्रोसॉफ्टच्या पॉकेट पीसीवाल्यांना एवढं करावं लागत नसे. क्रेडलमध्ये ठेवलं की अॅक्टिव्हसिंक हा प्रोग्रॅमच त्यांना डेस्कटॉपच्या जोडणीतून बाहेर नेई. पण तिथे काय चाललंय ते कधी दिसतही नसे.

इथवरचं काम जुन्या पुस्तिका वाचून जमतं. खरी अडचण यापुढे आहे.

पाम इंटरनेटवर पोहोचतो, पण तिथली बहुतेक दारं एचटीटीपीएसची आहेत. त्या दारांच्या कुलपाच्या, म्हणजे टीएलएसच्या, 1.0 आणि 1.1 या आवृत्त्याही 2021मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाल्या. पाम तर त्यांच्याही मागे आहे. शिवाय वेगाचं गणित. 57,600 बिटांच्या वेगात सेकंदाला जास्तीत जास्त 5,760 बाइट येतात. तीन मेगाबाइटचं पान, जे आज जड मानलं जात नाही, यायला नऊएक मिनिटं लागतील आणि आल्यावर त्यातलं फारसं काही पामला उमगणार नाही. म्हणून डेस्कटॉपला नुसता रस्ता देऊन भागत नाही. त्याला दुभाष्या व्हावं लागतं. बाहेरचं पान त्याने आणायचं, कुलपं त्याने उघडायची, स्क्रिप्ट आणि जाहिराती काढायच्या, चित्रं लहान करायची आणि पामला झेपेल तेवढंच पुढे द्यायचं.

ही कल्पना माझी नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 1997 साली ‘टॉप गन विंगमन’ हा पामपायलटसाठीचा सचित्र ब्राउझर तयार झाला, तो याच तत्त्वावर. पानाची मांडणी आणि चित्रांची काटछाट ताकदवान सर्व्हर करत आणि पाम फक्त तयार पान दाखवत असे. पाम नवा होता तेव्हाही वेब त्याला जडच होतं, आणि त्यावरचा उपाय तेव्हाच सापडला होता. आज तोच उपाय घरच्या डेस्कटॉपवर पायथनच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये बसतो.

मराठी पानांसाठी त्यात आणखी भर घालावी लागते. पामकडे देवनागरी फॉन्ट नाही आणि युनिकोडही नाही. मग डेस्कटॉपनेच मराठी मजकूर 160 ठिपके रुंदीच्या चित्रात उतरवायचा. चार करड्या छटांत पूर्ण पडद्याचं चित्र 6,400 बाइटांचं होतं, म्हणजे सेकंदाहून थोड्या जास्त वेळात पोहोचतं. गंमत अक्षरांच्या उंचीत आहे. इंग्रजीला पामवर अकरा ठिपके पुरतात. देवनागरीला वर रफार आणि वेलांटी, खाली उकार, त्यामुळे बावीस ठिपक्यांची ओळ धरावी लागते आणि पडद्यावर सातच ओळी बसतात. ‘ष’ला ‘प’पासून वेगळं करणारी तिरकी रेघ जेमतेम तीन ठिपक्यांची. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात फरक फक्त डोक्यावरच्या रेघेतल्या फटीचा; कडा मऊ करायला करड्या छटा वापरल्या की ती फट बुजते. म्हणून अक्षरं मी निव्वळ काळ्या-पांढऱ्यात काढतो आणि छटा फोटोंसाठी ठेवतो. दिसायला ती जरा टोकेरी दिसतात, पण अग्रलेख विनासायास वाचता येतो.

वाचणं असं जमलं. उलट दिशेने लिहिणं मला अजून जास्त आवडतं. ग्राफिटीत, म्हणजे पामच्या पडद्यावर अक्षरं गिरवायच्या पद्धतीत, रोमन अक्षरं काढायची, ती टेलनेटने डेस्कटॉपकडे जातात आणि तिथला प्रोग्रॅम त्यांचं देवनागरी करून मेल पाठवतो. रोमनमधून मराठी लिहायच्या प्रचलित पद्धतीत ट, ण, ळ यांना मोठी लिपी लागते, आणि ग्राफिटीत मोठ्या लिपीसाठी आधी खालून वर एक वेगळी रेघ ओढावी लागते. ‘काळ’, ‘पाणी’, ‘वाट’ यांतल्या प्रत्येक शब्दात हात अडखळतो. पण पामवर अंक गिरवायची जागा उजवीकडे स्वतंत्र आहे आणि तिथे अंक एकाच फटक्यात उमटतो. म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये 7 म्हणजे ळ, 5 म्हणजे ण आणि 2 म्हणजे ट. खरा अंक हवा असेल तर त्याआधी एक टिंब.