संक्रांत पानिपतावर नव्हती

मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीत दर जानेवारीत हे ठरलेलं. हातावर तिळाचा लाडू ठेवून आपण "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणावं, तर समोरचे काका सुस्कारा टाकतात, "गोड काय बोलायचं? आजच पानिपत झालं. म्हणून तर 'संक्रांत कोसळली' म्हणतात." लाडू कडक असतो, उत्तर तोंडातच राहतं. ते इथे देतो.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, हे खरं. त्या दिवशी संक्रांत होती, हे साफ चूक. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन मकर राशीत प्रवेश. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे निरयन वर्ष आपल्या भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं पडतं आणि साधारण ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. मागे मोजत गेलं की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. गणित नको? स्वामी विवेकानंद १८६३ च्या संक्रांतीला जन्मले आणि त्यांची जयंती १२ जानेवारीला असते. मग त्याआधी शंभर वर्षं ती १४ ला कुठून येणार? २०२४ मध्ये तर १५ ला आली. लाडू तेव्हाही याच काकांनी खाल्ला होता!

वाक्प्रचाराला पानिपत लागतच नाही. पंचांगातली संक्रांतीदेवी ज्यावर बसते, जे नेसते, जिकडे पाहते, त्याच्यावर गंडांतर, ही जुनी समजूत तेवढ्याला पुरते.

आता तिळगुळातलं ते "गोड बोला". चिनी भाषेत वैर मिटवण्याला ढाल-शस्त्रांचं जेड आणि रेशीम करणं म्हणतात. राजेरजवाडे एकमेकांना तसे नजराणे देत. आपण वाण्याकडच्या तीळ-गुळावर भागवलं.

उरलेलं झटपट. उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं? दिवस २२ डिसेंबरच्या सुमारासच मोठा व्हायला लागतो. सणाला काळं अशुभ? संक्रांतीला काळी चंद्रकळाच नेसतात. तिळगूळ फक्त त्याच दिवशी? रथसप्तमीपर्यंत चालतो.

गेल्या वर्षी पार्किंगवरून अबोला धरलेल्या शेजाऱ्यांच्या हातावर मी माघ षष्ठीला हलवा ठेवला. "इतक्या उशिरा?" ते म्हणाले.

म्हटलं, "अजून उद्याचा दिवस आहे."